पुढच्या चाकांचं माप

अण्णा,

तुमचा शिष्य पुढच्या आठवड्यात देश सोडून चालला आहे आणि तुमची मापाची काठी बरोबर नेतो आहे. ही बातमी तुम्हांला कुणीतरी कळवायला हवी, आणि आपल्या घरात लिहायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. तुम्हांला जाऊन पंधरा वर्षं होत आली. एवढ्या काळात वर्षातून एकदा तीळ आणि पाणी यांपलीकडे मी तुमच्याकडे काही पाठवलेलं नाही, तेव्हा हे पत्र बघून दचकू नका. श्राद्धाला मी मंत्र शुद्ध म्हणतो, पण त्यांत मला स्वतःला काय म्हणायचं आहे ते घालायला जागा नसते.

शिष्य म्हणजे कोण ते तुम्हांला सांगायला नको. कारखान्यात तुम्ही त्याला कधी नावानं हाक मारली नाहीत. गाडीखालून नुसतं "अरे" म्हणायचात, की तो हजर. सुट्टीत घरी आलो असताना एकदा त्या हाकेला मीही आलो होतो, हातातलं पुस्तक पडवीत उपडं ठेवून. तुम्हांला गाडीखालून माझे पाय तेवढे दिसले. म्हणालात, "तू नव्हे." पाय स्वच्छ होते, त्यावरून ओळखलंत. आज मी बेचाळीस वर्षांचा आहे, शाळेत चार वर्ग मला भिऊन असतात, आणि तरी रस्त्यात कुणी "अरे" म्हटलं तर मी मागे वळत नाही. ती हाक माझी नसते हे माझ्या मानेला पाठ झालं आहे.

आपल्याकडे चार पिढ्या भिक्षुकी. ती तुम्ही मोटारींच्या नादानं सोडलीत, सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून चढलात आणि दहा वर्षांनी पनवेलीत पुण्याच्या रस्त्यावर स्वतःची शेड घातलीत. आजोबा शेवटपर्यंत तुमच्याशी धड बोलले नाहीत. त्याचं प्रायश्चित्त म्हणून तुम्ही काय केलंत, तर मला दहाव्या वर्षी वाईला मामांच्या पाठशाळेत नेऊन घातलंत. "मी सोडलं ते तू धर," एवढंच घाट चढताना म्हणालात, आणि लगेच ड्रायव्हरला गिअर कुठे बदलायचा ते सांगायला लागलात. शास्त्राप्रमाणे प्रायश्चित्त ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, दुसऱ्याला उपाशी ठेवून आपलं पाप फिटत नाही. पण हे मला कळण्याइतकं शास्त्र शिकायला मला चौदा वर्षं लागली, तोवर उशीर झाला होता. मामांनी माझी वाणी घासूनपुसून स्वच्छ केली, अक्षर वळणदार केलं, आणि कुठल्याही कामाला हात घालण्याआधी श्री काढायची शिस्त लावली. ती शिस्त एवढी मुरली की मी वाण्याची यादीसुद्धा श्रीशिवाय लिहीत नाही. वाणी मला फार भाविक समजतो.

मी वाईला असताना इकडे तो आला. इस्राएल तळ्याजवळचा, बेने इस्राएल म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंपैकी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, लढाईत लष्कराच्या मोटारखात्यात पाने फिरवून आलेला. मी दर मे महिन्यात घरी यायचो आणि दर वेळी तो आणखी थोडा आत सरकलेला असायचा. आधी शेडमध्ये होता. मग परसात हात धुवायला यायला लागला. मग पडवीत बसायला लागला, आणि एका सुट्टीत बघतो तर तो तुम्हांला "अण्णा" म्हणत होता. मला वाटत होतं की तो शब्द माझ्या एकट्याच्या वापरातला आहे.

आणि तो कप. आईनं त्याच्यासाठी पडवीतल्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवला होता. तेव्हाची रीत, त्यात आईचा दोष नाही. तो स्वतःच विसळून उपडा घालायचा. काही दिवसांनी मी पाहतो तर कोनाड्यात दोन कप. मी आईला विचारलं, दुसरा कुणाचा. आई म्हणाली, "तुझ्या वडिलांचा. म्हणाले, त्याचा कप बाहेर असेल तर माझाही बाहेरच राहू दे. मी काय बोलणार?" मला तेव्हा तुमचं कौतुक वाटायला हवं होतं. आज शाळेत समतेवर बोलायची वेळ येते तेव्हा मी ही गोष्ट सांगतो, आणि मुलांना वाटतं केवढे थोर वडील. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की कोनाड्यात दोन कप शेजारी शेजारी उपडे आहेत, आणि माझा कप आत फळीवर, चांगल्या कुळातल्या सहा कपांमध्ये.

शनिवारी तो काम करत नसे, म्हणून तुम्ही शनिवारी शेड बंद ठेवायला लागलात आणि रविवारी उघडी. माझ्या मुंजीच्या दिवशी शेड बंद नव्हती. मला चांगलं आठवतं, मातृभोजनाला बसलो तेव्हा तुमच्या नखांत काळं होतं.

आता ज्या गाडीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती आठवा. लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या गावोगाव झिरपत होत्या, आणि कर्नाळ्याकडच्या जंगलाच्या एका ठेकेदारानं तसली एक उघडी पिकप घेतली होती. चारही चाकांनी ओढणारी, हिरव्या रंगाखाली आणखी एक हिरवा रंग असलेली. लाकूड आणि कोळसा भरून ती कुठेही चढायची, पण सपाट रस्त्यावर आली की तिला काय व्हायचं कोण जाणे. वेग घेतला की पुढची चाकं थरथरायची आणि गाडी डावीकडे ओढायची. तिचा ड्रायव्हर तिकडच्या गावचा, काटक म्हातारा. शेडच्या दारात उभा राहून तो तुम्हांला म्हणाला, "मास्तर, आमी सांगतो उजवीकडं चल, तर ती डावीकडं बगते. माजी बायको बी अशीच हाय, पण तिला आता इलाज नाय." तुम्ही हसलात, आणि "अरे" म्हणालात.

तेव्हा माझं शिक्षण संपलं होतं आणि शाळेतली नोकरी अजून लागायची होती. सहा महिने मी घरी होतो. रोज सकाळी संध्या करून पडवीत वाचत बसायचो आणि पुस्तकाच्या वरच्या कडेवरून तुम्हां दोघांना बघायचो. चार दिवस तुम्ही त्या गाडीच्या पुढच्या आखाशी बसला होतात. त्यानं चाकं उतरवली, चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनची बेरिंगं काढली, पत्र्याच्या पातळ चकत्या कमीजास्त करून पुन्हा बसवली. त्यानं एक चकती दोन बोटांत धरून नुसती तुमच्याकडे बघितली की तुम्ही मान हलवायचात. बस, तेवढंच. आमच्याकडे गुरु-शिष्य परंपरेवर पुष्कळ बोलत, पण मामांची आणि माझी अशी न बोलता कधी भेट झाली नाही. शुक्रवारी दुपारी काम जवळजवळ झालं. फक्त शेवटचं माप लावायचं राहिलं होतं. दिवस मावळायच्या आत त्याला घर गाठायचं असे, तो गेला. तुम्ही शनिवारी पहाटे सुटे भाग बघायला मुंबईला गेलात. शेड बंद, गाडी आत, काठी खुंटीला, आणि घरात मी.

ती काठी तुम्ही स्वतः केलेली. वेळूची लांब नळी, तिच्यात सरकणारी बारीक सागवानी दांडी, दोन्ही टोकांना एकेक खिळा, आणि दांडीवर सुता-सुताच्या खुणा. मी तुम्हांला ती वापरताना इतक्यांदा बघितलं होतं की त्यात काही कठीण असेल असं मला वाटलंच नाही. पुढची दोन चाकं पुढच्या बाजूला एकमेकांच्या जरा जवळ हवीत, मागच्या बाजूला जरा लांब. दोन मापांतला फरक एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "माणसानं नाकासमोर चालावं, चाकांनी थोडं नाकाकडे बघत चालावं." मी मनाशी म्हटलं, यज्ञाची वेदी दोरी आणि खुंट्या घेऊन आखायला मी शिकलो आहे. पूर्वेकडची बाजू आखूड, पश्चिमेकडची लांब, आणि तिथे केसाएवढी चूक झाली तर यजमानाचा स्वर्ग जातो. इथे फार तर टायर जाईल.

आई दारातून म्हणाली, "अण्णांना विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? माप तर घ्यायचंय."

"अंगावरचं धोतर तरी बदल."

मी बदललं नाही. मला वाटत होतं, संध्याकाळी तुम्ही याल, धोतरावरचे डाग बघाल आणि विचाराल, आणि मी सहज सांगेन. सहज कसं सांगायचं याची मी दोनदा तयारीही केली. मग खडू घेतला, टायरवर खूण केली, गाडीखाली शिरलो. दोन्ही चाकांना जोडणारा तो आडवा दांडा, टायरॉड, त्याचे नट सैल केले, दांडा फिरवला, काठी लावली, पुन्हा फिरवला. शेड लहान. पुढे भिंत आली म्हणून खांद्यानं रेटून गाडी हातभर मागे घेतली, आणि तिथे माप बघितलं. बरोबर एक सूत. नट आवळले. माझ्या हाताला ग्रीसचा वास येत होता आणि तो वास मी जेवतानाही नीट धुतला नाही, हे आज सांगायला हरकत नाही.

तुम्ही त्या दिवशी आलाच नाहीत, शेवटची मोटार चुकली. रविवारी सकाळी तो आला, त्यानं नट आवळलेले बघितले आणि त्याला वाटलं तुम्ही शुक्रवारी रात्रीच काम पुरं करून मुंबईला गेलात. म्हातारा ड्रायव्हर आला, गाडी घेऊन गेला. मी पडवीत होतो. मी सांगू शकलो असतो. पण मला ते तुम्हांला सांगायचं होतं, त्याला नव्हे.

दुपारी तुम्ही पोचलात आणि पाठोपाठ म्हातारा चालत आला, घामानं निथळत. म्हणाला, "गाडी शिरढोणच्या अलीकडं बांधावर हाय, मास्तर. आदी नुसती थरथरायची. आता वाकडी नाचते. माजे हात बगा." त्यानं दोन्ही हात पुढे केले, अजून स्टेअरिंग धरल्यासारखे. पुढे बैलगाडी होती, ती चुकवताना त्यानं पिकप बांधावर घातली. बैलगाडीत बायकापोरं होती हे त्यानं शेवटी सांगितलं, पाणी पिऊन झाल्यावर. कुणाला काही लागलं नव्हतं. मी आत जाऊन देवासमोर उभा राहिलो, आणि काय म्हणायचं ते मला एकाही भाषेत सुचलं नाही.

गाडी तुम्ही दोघांनी दोर लावून आणलीत. मी चहा घेऊन शेडच्या दारात आलो, तेव्हा तुम्ही दोघं डाव्या चाकाजवळ उकिडवे बसला होतात. त्याचं तोंड माझ्याकडे, तुमची पाठ. तुमच्या हातात कापसाचा बोळा होता आणि टायरच्या आतल्या बाजूला तुम्ही काहीतरी पुसत होतात. मग न वळता तुम्ही बोलायला लागलात. तुमचा आवाज एवढा चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

"किती वर्षं झाली तुला माझ्याकडे?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"गाडी मागे घेतलीस ना? भिंत आली म्हणून मागे घेतलीस आणि तिथंच मोजलंस."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी ट्रे हातात घेऊन उभा. "चुकलं, अण्णा," तो म्हणाला.

"चुकलं म्हणजे काय चुकलं ते कळलं का? मागे रेटलीस की सगळ्या सांध्यांतली ढिलाई उलट्या अंगाला जाते. तू घेतलंस ते मागे जाणाऱ्या गाडीचं माप. आपली गिऱ्हाइकं पुढे जातात. गाडी पुढेच ढकलायची. जास्त गेली तर लांब मागे न्यायची आणि पुन्हा पुढे आणायची, गाडीच्या दोन लांब्या तरी. मग पुढचं माप. मग चाकाचा आणखी अर्धा फेरा पुढे, म्हणजे तीच खूण मागे येते, मग मागचं. दुसरी खूण घ्यायची नाही, टायर कुठे सारखा असतो? आणि टायरॉडला सगळ्यांत शेवटी हात लावायचा. आधी हवा, मग बेरिंग, मग किंगपिन, मग स्प्रिंगचे पाटे. ढिल्या गाडीचं माप म्हणजे वाऱ्याचं माप."

इथे तुम्ही थांबाल असं मला वाटलं. थांबला नाहीत.

"घाई कसली होती? कुणाला दाखवायचं होतं? येत नव्हतं तर विचारायला तोंड नव्हतं? विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं का?"

"असतं," तो म्हणाला.

"चहा ठेव तिथे," तुम्ही म्हणालात. हे मला. तुम्हांला दारात मी आहे हे माहीत होतं, याचा विचार मी पुढे सतरा वर्षं केला नाही.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगतो. पश्चात्ताप आला, खरा. भीती आली, की आता तो सांगेल. पण या दोघांच्या आधी, दारात ट्रे घेऊन उभा असताना, जे आलं तो हेवा होता. त्याला तुम्ही किती वेळ बोलत होतात. किती बारकाईनं. माझ्या सगळ्या आयुष्यात तुम्ही मला बोललात ते दोन शब्दांत, "वाचत बैस." ही बोलणी अक्षरशः माझी होती, माझ्या हातांनी कमावलेली, आणि तीही तो समोर बसून आयती खात होता. तो एकदा "मी नव्हे" म्हणाला असता तर त्याच जागी मी असतो. तो म्हणाला नाही. आणि मी त्याबद्दल त्याचे आभार मानण्याऐवजी मनात म्हटलं, याला काहीच सोडवत नाही.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. स्मशानात भटजींचा एक स्वर चुकला, तो मी जागच्या जागी सुधारला. सगळे विधी माझ्या देखरेखीखाली निर्दोष झाले. तो कडेला उभा राहून लहान मुलासारखा रडत होता, आणि लोक परतताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होते. मला कुणीतरी विचारलं, दहाव्याची वेळ काय. शेड त्याच्याकडे गेली, त्यात काही वाद नव्हता. काठी तुम्ही आजारी असतानाच त्याच्या हातात दिली होतीत. मला तुम्ही लष्करी लिलावातली एक पत्र्याची पेटी दिलीत, पुस्तकं ठेवायला, वाळवी लागू नये म्हणून. पेटी उत्तम आहे. माझी सगळी पुस्तकं उघडली की त्यांना ग्रीसचा वास येतो. पाठशाळेतल्या एका जुन्या सोबत्यानं विचारलं होतं, हा कुठला धूप.

हे सगळं असंच राहिलं असतं. पण त्यांच्यातली बरीच घरं तिकडे इस्राएलला गेली, आता त्याचंही ठरलं. दोन्ही मुली आधीच गेल्या आहेत. गेल्या रविवारी त्यानं शाळेच्या शिपायाकरवी निरोप पाठवला, शास्त्रीबुवांना म्हणावं जरा येऊन जा, एक टोक धरायला माणूस नाही. गेलो. शेडमध्ये तीच पिकप. ठेकेदारानं ती कधीच विकली, आता ती एका वीटभट्टीवाल्याकडे आहे, हिरव्यावर विटकरी रंग चढला आहे. दुखणं तेच, डावीकडे ओढणं. तो गाडीखालून म्हणाला, "सतरा वर्षांनी माहेरी आलीय. हिचं केलं की मी मोकळा."

मी काठीचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं. भट्टीवरचा पोरगेला ड्रायव्हर गाडी ढकलत होता. खूण थोडी पुढे गेली म्हणून तो गाडी हातभर मागे ओढायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मागे नको. लांब ने आणि पुन्हा पुढे आण, दोन लांब्या."

गाडीखाली हसू ऐकू आलं. "हे कुठं शिकलास?"

"ऐकून," मी म्हटलं.

"ऐकून. मग बरोबर." तो बाहेर आला, हात पुसत चाकाला टेकून बसला. तुमच्यासारखाच बसतो, एक गुडघा वर. म्हणाला, "अण्णांना वाटतच होतं, तू ऐकतोयस."

मला कळलं नाही. तेव्हा त्यानं डाव्या टायरच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं. "इथं होतं. खडूनं. आखाच्या वर, हातभर अंतरावर, चांगलं वळणदार. श्री." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "अरे, गाडीच्या चाकावर श्री काढणारा माणूस अख्ख्या पनवेलीत एकच. मी तर काढणार नाही. आमच्याकडे तसलं काही नसतं हे अण्णांनाही माहीत होतं."

"मग तू बोललास का नाहीस?"

"बोलणारच होतो. त्यांनी हात दाबला. म्हणाले, गप्प, तो चहा घेऊन येतोय, तू ऐकून घे. मग सुरू झाले. तुझ्या वाटणीच्या शिव्या मी खाल्ल्या, शास्त्रीबुवा, आणि तू वर माझ्याशी वर्षभर तुसडेपणानं वागलास."

मी विचारलं, मलाच का नाही बोलले. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. त्यानं हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

"मीही विचारलं, तू गेल्यावर. म्हणाले, तो विद्वान आहे. त्याला कसं बोलू?"

लेकी बोले सुने लागे, हे आपल्याकडे लहान मूलही जाणतं. सासू आपल्या मुलीला बोलते, सुनेनं ऐकावं म्हणून. पोटच्या मुलीला बोलता येतं, ती रागावली तरी जात नाही कुठे. सुनेला बोलताना भीड पडते, परक्या घरची. शेडमधून घरी चालत येताना मी ही म्हण उलटीपालटी करून पाहिली, अण्णा, आणि ती कुठूनही लावली तरी उत्तर एकच येतं. त्या दुपारी तुमच्या शेडमध्ये लेक तो होता आणि सून मी. मला चौदा वर्षं वाईला ठेवून तुम्ही एवढं शुद्ध करून आणलंत की शेवटी तुम्हांलाच मला हात लावायची चोरी झाली. आणि मी पडवीत बसून वाट बघत होतो, की तुम्ही एकदा तरी हात पुसायच्या आधी माझ्याजवळ याल.

तुम्ही म्हणालात तेही खरं. विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का. मी विचारलं नाही. घरात शास्त्र येणारा मी, तुम्हांला प्रश्न विचारणं मला कमीपणाचं वाटलं, की तुम्ही नाही म्हणाल याची भीती होती, हे आता मापता येत नाही. गाडी फार मागे नेली आहे मी.

त्यानं निघताना काठी माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुझा हक्क आहे. तू ठेव म्हणालास तर ठेवतो. नाही तर मला न्यायचीय. तिकडे माझा जावई गाड्यांचंच काम करतो. आधी काकूंना दाखवून आण." मी आईला दाखवली. आईनं ती मांडीवर आडवी घेतली, खुणांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "नेऊ दे त्याला. तुला काय करायचीय, गंध उगाळायला?" मी म्हटलं, मीही तेच म्हणणार होतो. ते खोटं होतं. मी म्हणणार होतो की ती आपल्या घरातली वस्तू आहे, आणि त्यासाठी मी एक सुंदर वाक्यही तयार केलं होतं.

काल काठी परत दिली. मोठ्या मनानं दिली, लोकांच्या देखत, त्याच्या बायकोचे डोळे भरून आले. हे पत्र आता पेटीत ठेवीन, पुस्तकांच्या खाली, तिथे त्याला तुमचा वास लागेल. पण एक सांगायचं राहिलं. देण्याआधी मी आतली सागवानी दांडी पूर्ण बाहेर ओढली आणि तिच्या अगदी आतल्या टोकावर चाकूनं बारीक श्री कोरला. वापरताना तो दिसणार नाही. एखादी फार रुंद गाडी आली आणि दांडी शेवटपर्यंत ओढावी लागली तरच दिसेल. तेव्हा तो ओळखेल. माझा पत्ता त्याच्याजवळ आहे. या वेळी बोलणी मलाच बसतील.